लाभार्थी क्रमांक सात

"भ्रष्टाचाराला मी या घराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देणार नाही!" असं दशरथ कुडतरकरांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं, आणि त्याच क्षणी पाठीमागून कुणीतरी त्यांचं मुंडकं उडवलं.

मुंडकं तटावरून गडगडत खंदकात गेलं. कुडतरकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. 'आपण मरण पावला आहात, वीस सेकंद थांबा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ कॉम्प्युटरच्या पडद्यावर आली होती.

"काही म्हणालात का?" सुचेताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. मेलो."

"बरं. मग तेवढ्यात चहा घेता?"

कुडतरकर एका सरकारी खात्याच्या दक्षता शाखेतून त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार सातच्या मे महिन्यात, निवृत्त झाले होते. चौतीस वर्षांत त्यांनी कुणाचा चहा घेतला नाही, दिवाळीची डायरी घेतली नाही; आणि खात्यानेही त्यांचा स्वभाव ओळखून त्यांना बढती घेण्याच्या मोहात फारसं पाडलं नाही. निरोपसमारंभात साहेबांनी त्यांना 'खात्याचा कणा' म्हटलं आणि नाव कुडाळकर असं घेतलं.

त्यानंतर हा कणा भाईंदरला गोडदेवच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये दिवसभर ताठ बसून राहू लागला. पहिल्या महिन्यात त्याने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. दुसऱ्या महिन्यात कुकरच्या शिट्ट्यांची तारीखवार नोंद सुरू केली. तिसरा महिना उजाडायच्या आत सुचेताबाईंनी पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला फोन केला. संपदा आली, आपला जुना कॉम्प्युटर आतल्या खोलीत मांडला, नेट घेतलं आणि बाबांना एक खेळ शिकवून परत गेली.

खेळ परदेशी होता आणि नाव भलतंच लांब. भाईंदरात त्याला सगळे नुसतं 'किल्ला' म्हणत. सोळा जण आत, सोळा बाहेर. बाहेरच्यांनी किल्ला घ्यायचा, आतल्यांनी तो द्यायचा नाही. हे बत्तीस लोक आपापल्या घरी पंख्याखाली बसलेले. पण लढाई ज्या यंत्राच्या पोटात व्हायची, तो सर्व्हर, गोडदेव नाक्यावर जितेंद्रच्या सायबर कॅफेत झेरॉक्स मशीनच्या शेजारी घरघरत असे. जागा बत्तीसच. तेहेतिसावा आला की त्याला उत्तर मिळे, 'जागा नाही'. सर्व्हरच्या पहिल्याच पानावर जितेंद्रने ठळक अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'इथे सगळे सारखे. व्हीआयपी कोणी नाही.'

हे वाक्य प्रथम वाचलं तेव्हा कुडतरकरांचे डोळे पाणावले होते. असंच एक वाक्य त्यांच्या ऑफिसातही भिंतीवर रंगवलेलं होतं, पण तिथे त्याच्यावर कॅलेंडर लावलेलं असे.

सुरुवातीचे आठ-दहा दिवस त्यांनाही 'जागा नाही' ऐकावं लागलं. कधी जागा मिळाली तरी पाच मिनिटांत बाहेर फेकले जायचे. पण ते डगमगले नाहीत. रोज सातच्या ठोक्याला बसत राहिले. आणि एके दिवशी यंत्राने त्यांना ओळखलं. त्यानंतर तीन महिने त्यांना कुणी हटवू शकलं नव्हतं. "वक्तशीर माणसाला यंत्रसुद्धा मान देतं," ते सुचेताबाईंना म्हणाले होते. सुचेताबाई म्हणाल्या होत्या, "देणारच."

किल्ल्याच्या उत्तर दरवाजावर ते कप्तान होते आणि त्यांच्या हाताखाली तीन माणसं होती. काशिमिऱ्याच्या लॅबमध्ये रक्त तपासणारा बुद्धभूषण, बँकेच्या परीक्षा देणारी साक्षी आणि चेण्याच्या एका रिसॉर्टमध्ये वायरमन असलेला लवू. तिघांपैकी एकाचंही तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण सात वाजता हेडफोन कानाला लावला की तिन्ही आवाज एकदम येत, "काका आले! काका आले!" दक्षता शाखेचा माणूस आला की लोक फायली लपवतात, आपण आलो म्हणून कुणाला आनंद झाल्याचा प्रसंग कुडतरकरांना चौतीस वर्षांत आठवत नव्हता.

तर त्या संध्याकाळी झालं असं, की ऐन लढाईत बुद्धभूषण "काका, मैं गया—" एवढंच म्हणाला आणि नाहीसा झाला. त्याच मिनिटाला शत्रूकडे 'मीरा रोड का राजा' नावाचा इसम पांढऱ्या घोड्यावर बसून उगवला. त्याच्या डोक्यावरचं नाव सोनेरी अक्षरांत झळकत होतं.

"बुद्धाला किक बसली काका," साक्षी कानात म्हणाली. "चौथ्यांदा. राजाने व्हीआयपी घेतलंय ना."

"घेतलंय म्हणजे? कुठून घेतलं?"

"जितूदादाकडून. टेबलाखालून. सर्व्हर फुल असला तरी राखीव जागा, घोडा, सोनेरी नाव, सगळं मिळतं. एक साधा माणूस बाहेर फेकतात आणि हे आत येतात."

"पण पहिल्या पानावर लिहिलंय—"

"काका, पान काय," साक्षी म्हणाली. "पण काका, तुमचं पण नाव—"

"गप गो तू!" लवू मध्येच म्हणाला. "काका, तुमी कशाला ताप घेताव? खेल हाय."

पण कुडतरकर उठून उभे राहिले होते आणि भ्रष्टाचाराला उंबऱ्याबाहेर काढण्याची घोषणा करत होते. उभं राहिल्यामुळे पाठीकडे लक्ष राहिलं नाही. पुढचं वर आलंच आहे.

सुचेताबाई चहा घेऊन आल्या. "काय झालं एवढं ओरडायला?"

"राखीव जागा विकतायत, सुचेता! माझ्या बुद्धभूषणला बाहेर फेकून!"

कप बशीत जरा वाजला. "जाऊ दे हो," त्या म्हणाल्या. "खेळ तर आहे."

"आज खेळ आहे. उद्या देश."

"देशाचं उद्या बघू. चहा निवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता कुडतरकर इस्त्रीचा शर्ट घालून सायबर कॅफेत हजर झाले. हातात अर्ज, तीन प्रतींत. 'प्रति, मा. सर्व्हर प्रशासक. विषय: राखीव जागा, घोडे व तत्सम सवलतींची टेबलाखालून विक्री.' जितेंद्र तिशीचा, एकटा, आईवडील गावाला आणि इकडे खानावळीच्या आमटीवर दिवस काढणारा माणूस. त्याने अर्ज वाचला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"काका... तुम्ही?"

"का? मी का नको? दुसऱ्या प्रतीवर पोच द्या."

जितेंद्रकडे शिक्का एकच होता. त्याने तो मारला. कुडतरकरांनी अर्ज उजेडात धरून वाचलं. लाचलुचपतीच्या तक्रारीवर 'पेड' असं उमटलं होतं.

"आता चौकशी अधिकारी नेमा," ते म्हणाले.

"कोणाला नेमू काका? इथे मी आणि झेरॉक्स मशीन."

"मशीन नको. निष्पक्ष माणूस पाहिजे."

"मग तुम्हीच करा," जितेंद्र वैतागून म्हणाला. कुडतरकरांनी तिथल्या तिथे तिसऱ्या प्रतीच्या पाठीवर नेमणूकपत्र लिहिलं आणि त्याच्यावर त्याची सही घेतली. चौतीस वर्षं ते चौकशी अधिकाऱ्याच्या मागून बॅग घेऊन चालत आले होते. आज प्रथमच बॅग आणि अधिकारी एकाच माणसाकडे आले.

"काका, एक सांगू?" जितेंद्रने आवाज खाली आणला. "नका करू ही चौकशी."

"दबाव?"

"दबाव नाही ओ. प्रेमाने सांगतोय."

"दबाव नेहमी प्रेमानेच येतो," कुडतरकर म्हणाले. "वही काढा."

वही होतीच. अशा धंद्यात वही नसते हा गैरसमज आहे; लक्षात ठेवावंच लागतं. एका बाजूला लाभार्थीचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याने काय दिलं ते. बहुतेकांनी मोबाइलची रिचार्ज कार्डं दिली होती, पण सगळ्यांनी नाही.

"'मीरा रोड का राजा' यांच्यापुढे 'गुरुवार' लिहिलंय. हे काय?"

"त्याचा पाण्याचा टँकर आहे काका. गुरुवारी पहिली फेरी आमच्या बिल्डिंगला."

कुडतरकरांच्या सोसायटीत गुरुवारी टँकर दुपारी तीनला येई आणि तोवर सुचेताबाई बादल्या मांडून बसत. "पुढे. 'ब्लॅक टायगर', समोर 'दाढ'."

"डेंटिस्ट आहे. माझी अक्कलदाढ काढली."

"एका दाढेला तीन जागा दिल्यात?"

"खूप दुखत होती काका."

"आणि हा क्रमांक सात? नाव खोडलेलं दिसतंय. समोर नुसतं 'डबा, मंगळ-शुक्र'. कोण हा?"

जितेंद्रने झेरॉक्स मशीनकडे पाहिलं. मशीन काही बोललं नाही. "आठवत नाही," तो म्हणाला.

"आठवेल. कसला डबा?"

"काका, प्लीज."

दक्षता शाखेत माणसाला एक गोष्ट शिकवतात: संशयित बोलेनासा झाला की त्याची नजर कुठे जात नाही ते बघावं. जितेंद्रची नजर सगळीकडे जात होती, फक्त प्रिंटरच्या मागच्या खिडकीकडे जात नव्हती. कुडतरकर उठले. खिडकीत स्टीलचा एक दोन पुडांचा डबा घासून पालथा घातलेला होता. त्यांनी तो उचलला आणि फिरवला. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यावर नाव घातल्याशिवाय ते कुणी देत नाही, आणि घातलेलं नाव तीस वर्षं घासलं तरी जात नाही. डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं: 'चि. सौ. कां. सुचेता हीस, दादरच्या मामांकडून, ५-५-७६.'

चिठ्ठी डकवायला म्हणून कुडतरकरांनी हा डबा घरी दोनदा मागितला होता. दोन्ही वेळा 'घासायला टाकलाय' असं उत्तर मिळालं होतं. ते खोटं नव्हतं.

"म्हणजे क्रमांक सात..."

"तुम्ही काका," जितेंद्र हळू आवाजात म्हणाला. "तुमचं नाव पण सोनेरी आहे. आपलं आपल्याला दिसत नाही, बाकीच्यांना दिसतं."

बाहेर नाक्यावर रिक्षावाले "स्टेशन, स्टेशन" करत होते. चौकशी अधिकाऱ्याने डबा छातीशी धरला, वही काखेत मारली आणि तो घरी निघाला.

सुचेताबाई ओट्याशी वाल सोलत बसल्या होत्या. कुडतरकरांनी डबा त्यांच्यापुढे ठेवला.

"हा कुणाचा?"

सुचेताबाईंनी डब्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि एक वाल नीट सोलून भांड्यात टाकला. "माझ्या मामांचा."

"तू लाच दिलीस, सुचेता. माझ्या नावाने."

"लाच कसली? मंगळवारी सुकटाची चटणी आणि भाकरी. शुक्रवारी भरली वांगी. नेट बंद पडलं म्हणून जितेंद्र बघायला आला होता तेव्हा विचारलं मी, यांना सारखं बाहेर का काढतात रे? तर म्हणाला, काकू, गर्दी असते. म्हटलं, काही सोय?"

"आणि त्याने डबा मागितला!"

"छे हो. तो बिचारा लाजत होता. मीच म्हटलं, जेवतोस कुठे?"

"मोबदला म्हणून दिलेली कोणतीही वस्तू, मग ती सुकट का असेना..."

"तुमचा कायदा राहू दे," सुचेताबाई म्हणाल्या. वालाचं भांडं त्यांनी बाजूला सारलं. "त्या आठ-दहा दिवसांत तुम्ही कसे दिसत होता, माहितेय? पाच मिनिटांत तुम्हाला बाहेर काढायचे. मग तुम्ही इथे दारात येऊन उभे राहायचात. 'काही काम आहे का?' शाळेतून परत पाठवलेल्या पोरासारखं तोंड. मला बघवायचं नाही. माझ्याकडे काम नसायचं, तरी मी जिऱ्यातले खडे निवडायला द्यायचे. जिऱ्यात खडे नव्हतेच."

कुडतरकरांनी डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"डबा सुरू केला त्याच आठवड्यातली गोष्ट. आतल्या खोलीतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. मला वाटलं, कोण पाहुणा आलाय? गॅस बारीक करून ऐकलं. तर तुम्ही. त्या लवूच्या कशाला तरी हसत होता, ठसका लागेपर्यंत. परळ सोडून इकडे आलो त्यानंतर ते हसू मी ऐकलं नव्हतं." त्यांनी पदराने नाकाचा शेंडा पुसला. "चौतीस वर्षं तुमच्या हक्काच्या जागेवर दुसरे बसले. मी कधी बोलले? म्हटलं, एक जागा तरी यांच्यासाठी राखून ठेवावी. सरकारी नाही तर नाही."

चौकशी अधिकारी स्टुलावर बसला.

"म्हणजे वक्तशीरपणामुळे नव्हतं तर," तो म्हणाला.

"वक्तशीर आहातच हो तुम्ही," सुचेताबाई घाईघाईने म्हणाल्या.

त्या दुपारी कुडतरकर झोपले नाहीत. त्यांनी अहवाल लिहिला. लाभार्थी क्रमांक एक ते सात यांच्या सर्व सवलती तत्काळ रद्द कराव्यात. क्रमांक सात यांना कोणतीही सहानुभूती दाखवू नये. शेवटी एक टीप होती: 'प्रशासक प्रकृतीने अशक्त दिसतात, सबब डबा चालू ठेवण्यास हरकत नाही. मात्र मोबदला नसावा.'

संध्याकाळी सात वाजता त्यांनी शेवटचं सोनेरी दर्शन दिलं आणि उत्तर दरवाजावर तिघांना उभं केलं.

"मला तुम्हाला एक सांगायचंय. मी कप्तान म्हणून इथे टिकलो ते माझ्या लायकीने नाही. माझी जागा विकत घेतलेली होती. बुद्धभूषण, तुला जेव्हा बाहेर काढलं, तेव्हा मी सोन्याचा होऊन इथे उभा होतो."



"माहितेय काका," साक्षी म्हणाली. "पहिल्यापासून दिसता तुम्ही सोनेरी."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"आम्हाला वाटलं, काकांना माहितेय," बुद्धभूषण म्हणाला. "काल तुम्ही भडकलात तेव्हा कळलं की तुम्हाला पताच नाही. मग कसं बोलणार?"

"पन दरवाजा तुमीच राखलाव ना काका," लवू म्हणाला. "त्यो काय डब्यानं राखला न्हाय."

कुडतरकरांनी चौकशीसंबंधी आणखी काही सांगायचं असल्यास असावा म्हणून आपला घरचा फोन नंबर दिला, आणि खुर्चीतून उठले.

जितेंद्रने अहवालाची अंमलबजावणी त्याच रात्री केली. सगळे सारखे झाले. याचा पहिला परिणाम असा, की राखीव जागा गेल्यामुळे सगळे लवकर येऊन बसू लागले. दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला कुडतरकरांना उत्तर मिळालं, 'जागा नाही'. तिसऱ्या दिवशी ते साडेसहाला बसले. टँकरवाला राजा सहापासून बसलेला होता. चौथ्या दिवशी ते सहाला बसले, तेव्हा कळलं की डेंटिस्टने दुपारचे पेशंट बंद केलेत. न्याय झाला होता आणि त्यात कुडतरकरांना कुठेही शिरायला फट नव्हती.

पाचव्या दिवशी सव्वासातला ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काही काम आहे का?"

सुचेताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "या. हे मटार सोला," त्या म्हणाल्या. दोघं समोरासमोर बसली. नाही म्हटलं तरी मटार खरे होते. एक शेंग झाली, दुसरी झाली. कुडतरकर दाणे मोजून टाकत होते हे सुचेताबाईंना दिसलं. तो डबा ही आजवर त्यांनी दिलेली एकच लाच होती, आणि तीही जप्त झाली होती.

तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. कुडतरकरांनी उचलला.

"काका, पटकन बसा!" बुद्धभूषण धापा टाकत होता. "मी उठलोय. जागा खाली आहे. जल्दी, कोणीतरी घुसेल!"

"तू का उठलास? आज तर मोठा हल्ला आहे ना?"

"म्हणून तर! दरवाजावर तुम्ही पाहिजे. साला, कोणी कोणाचं ऐकतच नाहीये."

"पण हे नियमात..."

"काका, माझी जागा, मी उठलो, वडीलधाऱ्या माणसाला दिली. याच्यात टेबल कुठंय?"

कुडतरकरांनी विचार केला. चौतीस वर्षांत वाचलेली सगळी परिपत्रकं त्यांनी झरझर मनात उलटली. माणसाने आपण होऊन उठू नये, असं एकातही नव्हतं. ते फोन ठेवून आतल्या खोलीत गेले; गेले म्हणजे जवळजवळ धावले, आणि एक चप्पल वाटेत सुटली.

मागे फोन पुन्हा वाजला. "अहो!" सुचेताबाईंनी हाक मारली. "साक्षीचा फोन! ती म्हणते, मी उठलेय, काकांना बसायला सांगा!"

"अगं, मी बसलो!"

फोन तिसऱ्यांदा वाजला. "अहो, हा लवू! हाही उठलाय म्हणे!"

पण कुडतरकरांच्या कानाला आता हेडफोन होता. ते उत्तर दरवाजावर उभे होते, साध्या पांढऱ्या नावाचे. त्यांनी डावीकडे पाहिलं. तट रिकामा. उजवीकडे पाहिलं. तट रिकामा. दरवाजाची फळी कुणीतरी आधीच फोडली होती आणि तिच्यातून नऊ-दहा शत्रू तलवारी उपसून आत येत होते. सगळ्यांत पुढे मीरा रोड का राजा, घोडा गेल्यामुळे पायी.

कुडतरकरांनी खुर्चीत पाठ ताठ केली. या खेळात तोंडाशी आलेल्या माइकच्या दांडीत बोललेलं दोन्ही बाजूंना ऐकू जाई, एवढं त्यांना माहीत होतं. त्यांनी घसा खाकरला.

"नमस्कार," ते शत्रूला म्हणाले. "जरा दोन मिनिटं थांबता का? आमची माणसं मला जागा द्यायला उठली होती, ती परत येतायत."